वाकडा खिळा

“बूट घासून या. दोन्ही,” डोरीनने वाटेच्या तोंडाशी जमिनीत बसवलेल्या ब्रशकडे बोट दाखवलं. बाहेरचं बी-बियाणं चिखलातून आत येऊ नये म्हणून इथे प्रत्येकाला हे करावंच लागतं. डॉक्टर जगन्नाथांनी ते धुसफुसत उरकलं. त्यांच्या बायकोने, सुमेधाने, मात्र देवळात शिरण्याआधी पाय धुवावेत तसं मन लावून केलं.

हा किनारा डोरीनच्या लोकांचा. अमेरिकेच्या सरकारचा नव्हे, इथल्या मूळच्या माणसांच्या मालकीचा आणि त्यांनीच राखलेला. म्हणायला सरोवर, पण पलीकडचा काठ दिसेल तर शपथ! मागच्या ऑगस्टात डॉक्टरांचा मुलगा राजस याच पाण्यात गेला. ॲन आर्बरच्या कॉलेजातून मित्राबरोबर दोन दिवस फिरायला आला होता. दोर ओलांडून काळ्या खडकांवर चढला आणि लाटेने ओढला. सापडला तो तिसऱ्या दिवशी.

आज अकरा वाजता डोरीनच्या लोकांच्या कौन्सिलची बैठक होती. डॉक्टरांनी वर्षभर पत्रांवर पत्रं धाडली होती: वादळात पाटी पडली होती, ती कोणी उभी केली नाही, म्हणून माझ्या मुलाला धोका कळला नाही. त्या दिवशी राखणीच्या ड्यूटीवर डोरीन होती. आज डॉक्टरांचं ऐकून तिची नोकरी ठेवायची की नाही ते ठरणार होतं. तरी त्यांना जागा दाखवायला तीच आली. ज्याचं माणूस इथे गेलं त्याला एकटं आत सोडायचं नाही, ही तिच्या लोकांची रीत.

“दगड, पीस, काही उचलू नका. दोराच्या पुढे जाऊ नका,” एवढंच ती वाटेत बोलली.

“आत्ता सांगतेय,” डॉक्टर मराठीत पुटपुटले. “तेव्हा काय दातखीळ बसली होती?”

पोरगं बेफिकीर नव्हतं, त्याला कोणी सांगितलंच नाही, या एका गोष्टीवर सुमेधा वर्षभर तगली होती. रोज उठून ती या बाईला मनातल्या मनात शिव्याशाप द्यायची, तेव्हा कुठे तिच्या घशाखाली चहा उतरायचा.

दोर आला, आणि दोराशी ती पाटी. ‘पलीकडचे खडक आमच्या पूर्वजांची जागा आहे. तिथे आम्हीही चढत नाही. पाणी आत ओढतं. कृपया इथूनच पाहा.’ अक्षरं जुनी, पण ठसठशीत.

“ही तेव्हा आडवी पडलेली होती,” डॉक्टर इंग्रजीत म्हणाले.

“उभी होती,” डोरीन म्हणाली. भांडून नाही; सांगून सांगून दमल्यासारखी.

सुमेधा पाटीजवळ गेली. पाटीचा एक कोपरा उंदराने भाकरी कुरतडावी तसा तुटलेला होता, आणि तिथे एक गंजका खिळा वाकून बसला होता.

हा खिळा तिच्या ओळखीचा होता. नेपरव्हिलच्या त्यांच्या घरात, हॉलमध्ये, राजसचा फोटो आहे, चंदनाचा हार घातलेला. तो खडकांकडे जाण्याआधी पाच मिनिटं प्रसादने, त्याच्या मित्राने, काढलेला. प्रसाद नंतर पुण्याला निघून गेला आणि डॉक्टरांनी तिला त्याला फोनही करू दिला नाही. फोटोची काच ती रोज सकाळी पुसते. लाल टीशर्ट, हसरा चेहरा, कशावर तरी टेकवलेलं कोपर, आणि कोपराखाली, अगदी कडेला, चिमूटभर तुटकी फळी नि वाकडा खिळा. बाकाची पाठ असेल, असं तिला वाटायचं. फ्रेमच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते, “चेहराच राहू दे गं. हार घातल्यावर तेवढंच बरं दिसतं.” कात्री त्यांनीच चालवली होती.

“अहो,” ती म्हणाली, “फोटोचा उरलेला तुकडा कुठाय?”

“सुमेधा, प्लीज. आत्ता नको.”

“पाटी उभी होती. त्याने वाचली होती.”

डॉक्टर पाण्याकडे वळले. “तेवीस वर्षांचं पोर गं ते,” त्यांचा आवाज चिरकला. “वाचून गेला, असं सांगू? मूर्खासारखा गेला, असं सांगू लोकांना? तुला सांगू?”

रडावं की या माणसाच्या एक कानाखाली वाजवावी, तिला कळेना. वर्षभराचे शिव्याशाप उलटून तिच्याच घशाशी आले. डोरीनला यातलं अक्षर कळत नव्हतं. नवराबायकोचं काही चाललंय म्हणून ती चार पावलं लांब गेली आणि पाठ करून उभी राहिली. बाईचे खांदे जरा उतरलेले होते, हे सुमेधाला आत्ता दिसलं.

“निघायला हवं,” डोरीन तिकडूनच म्हणाली. “पावणेअकरा झाले.”

सुमेधा हलली नाही. पुराव्यासाठी म्हणून आणलेला कॅमेरा डॉक्टरांच्या गळ्यात होता. ती पाटीला खेटून उभी राहिली आणि तुटक्या कोपऱ्यावर कोपर टेकवलं, राजसने टेकवलं होतं तसंच. खिळा टोचला.

“काढा माझा फोटो,” ती म्हणाली. “आणि या वेळी पाटी कापू नका.”