भिंतीपलीकडे

“गॅस चालू राहिला तर मला कळायचं नाही गं बाई,” शेजारच्या काकूंनी तिला बजावून ठेवलं होतं. एका तापात त्यांची वास घ्यायची शक्ती गेली ती गेलीच. रोज दुपारी त्या दारात उभ्या. “सूनबाई, तुझं नाक दे जरा उसनं.”

“परत मिळेल ना?” म्हणत ती त्यांच्या स्वयंपाकघरात हुंगून यायची. बाळ झाल्यापासून मात्र तिकडे न जाता आपल्याच उंबऱ्यातून सांगायची, “काही नाही हो काकू. उगाच जिवाला घोर!”

गेले दोन दिवस काकू आल्या नव्हत्या. तिला हायसंच वाटलं होतं.

आज वार्षिक तपासणीला गॅसवाला आला. शेगडी, नळी, मीटर, सगळीकडे त्याचं यंत्र गप्प. “ठाकठीक आहे, ताई,” म्हणत तो निघाला, तर बाळाच्या खोलीपाशी यंत्र टिकटिकलं. पाळण्यामागच्या भिंतीला बारीक भेग होती. तिथे धरलं तसं ते थांबेचना.

“इथे तर पाइपच नाही,” ती म्हणाली.

“तुमचा नाहीच हा. पलीकडचा.” भिंतीने ऐकू नये अशा बेताने तो बोलत होता. “वास नाही आला?”

“मुळीच नाही!”

“हळूहळू आला की नाक सरावतं. बाहेर चला. कुठल्याही बटणाला हात लावू नका.”

बाळ सासूबाईंच्या हाती देऊन तिने त्यांना खाली धाडलं आणि काकूंचं दार गाठलं. बोट बेलवर पोचणार, तोच गॅसवाल्याने मनगट धरलं. “ठिणगी उडेल. हाताने ठोका.” आणि तो मुख्य कॉक बंद करायला जिना उतरत पळाला.

तिने ठोकलं. पुन्हा ठोकलं. मग फार लांबून, झोपेतला असावा तसा आवाज आला, “कोण? सूनबाई का?”

सपाता फरशीवर घासत आल्या आणि दाराशी थांबल्या.

“थांब हं. पडदे ओढलेत, काही दिसत नाही. दिवा लावते.”

“नको! काकू, बटणाला हात लावू नका!”

दाराच्या त्या बाजूला नुसता श्वास ऐकू येत होता. त्यांचा हात बटणावर होता की खाली, कोण जाणे.

तुमच्या भिंतीपलीकडे कोणी एकटं राहतं का? मग हे वाचणं राहू दे. आधी बघून या.