नाकाची अब्रू

परीक्षकाने पेला तिरका करून पांढऱ्या कागदासमोर धरला. बोर्दो पद्धतीची लाल वाइन, बावीस वर्षं बाटलीत मुरलेली. मधोमध गडद, कडेला विटकरी. पेला गोल फिरवून त्याने नाक आत घातलं आणि डोळे मिटले.

काहीच नाही. पाणी हुंगावं तसं.

हिवाळ्यात घरातले सगळेच तापाने आडवे झाले होते, तेव्हापासून त्याचं नाक मेलं होतं. हे फक्त त्याच्या लेकीला ठाऊक होतं. चाळीस वर्षं ज्या नाकावर घर चाललं, त्याची अब्रू आता ती सांभाळत होती. टिपणं घ्यायला म्हणून ती शेजारी बसे आणि स्वतः चाखून बघे. वाइन चांगली असली तर वहीवर पेन्सिल उभी, बिघडली असली तर आडवी. कुणाला पत्ताही लागत नसे.

पण आज समोर जुना दोस्त होता.

"ही तिच्या हातची शेवटची," दोस्त म्हणाला. पुढच्या द्राक्षतोडणीला त्याची बायको राहिली नव्हती. "मी चाखायला गेलो की तीच डोळ्यांपुढे येते, चव कळतच नाही. खाली नऊशे बाटल्या आहेत. चांगली असेल तर ठेवतो. बिघडली असेल तर आजच ओततो. तिच्या नावाने आंबट पाणी कुणाच्या घशाखाली जायला नको. तू म्हणशील ती पूर्व दिशा."

लेकीने पेला नाकाशी नेला आणि बराच वेळ तिथेच धरला. एक घोट तोंडात घोळवून थुंकला. पेला पुन्हा उजेडात धरून कडेचा रंग न्याहाळला. मग पेन्सिल आडवी ठेवली.

परीक्षकाने ती आडवी पेन्सिल पाहिली. खोटं बोलावं का? पण भिडेखातर त्याने जन्मात कुठला पेला वाखाणला नव्हता.

"गेली रे ही," तो म्हणाला. "ओतून टाक."

दोस्त भिंत धरून उठला. "बरं झालं, खरं सांगितलंस. दुसऱ्या कुणी माझं मन राखलं असतं."

तो जिना उतरला. जरा वेळाने खालून एकेक बूच निघाल्याचा आवाज येऊ लागला, मग मोरीत पडणारी धार.

परीक्षकाने डोळे पुसले आणि लेकीचा हात हातात घेतला. "तुझं नाक होतं म्हणून आज मला खरं तरी बोलता आलं."

ती खालची धार ऐकत राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "मला तरी कुठे वास येतो?"