आधीच आलेलं उत्तर

सोमाटण्याच्या अकबरींचा मुलगा हमदान मस्कतला नोकरीला होता. घरी डायल-अप होतं तेव्हा त्याच्याशी कॉम्प्युटरवर बोलायचं म्हणजे एक वाक्य बोलून उत्तराची वाट बघत बसायचं. स्वस्तात वेगवान इंटरनेट मिळतंय म्हटल्यावर अकबरींचे पती सरदारभाईंनी ते लगेच घेतलं.

पहिल्याच दुपारी हमदान पडद्यावर इतका स्वच्छ दिसला, की अकबरींना भरून आलं.

"हो अम्मी, जेवलो," तो म्हणाला.

अकबरी हसल्या. जेवलास का, हे त्या आता विचारणारच होत्या.

"मासे आणि भात."

काय जेवलास, हेही त्यांनी अजून विचारलं नव्हतं. त्यांचं हसू मावळलं. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. हमदान मात्र मध्येच थांबून ऐकत होता, मान डोलवत होता, जणू त्या बोलतच होत्या.

"खोकला गेला गं. तू काळजी नको करूस."

"हमदान, मी काही बोललेच नाहीये अजून!"

त्याला ते ऐकूच गेलं नाही. तो एकदम उभा राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अम्मी, रडू नकोस. नीट सांग. अब्बा कुठून पडले? शुद्धीवर आहेत ना?"

अकबरींनी दचकून खिडकीबाहेर पाहिलं. सरदारभाई उंच शिडीवर चढून नवी वायर भिंतीला ठोकत होते.

"अहो, उतरा खाली!" त्या जिवाच्या आकांताने ओरडल्या.

तो आवाज ऐकून सरदारभाई दचकले आणि शिडीवरच गर्रकन मागे वळले.