बिनआवाजी यंत्र

टेमाच्या बंदरात मंगळवारी समुद्रावर कुणी जात नाही, म्हणून होडीचा नवा तांडेल नॉर्टे दंडावर होडीचं नाव गोंदवायला आला. आपल्या तांडेलाची छाती किती मोठी आहे ते बघायला त्याचे बारा खलाशी पडद्याबाहेर बाकावर बसले होते.

आत गोंदणाऱ्या कोरकोरताईंनी जुनं, घरघरणारं यंत्र उचललं. नॉर्टेचे डोळे बारीक झाले. शेजारीच नवं कोरं, आवाज न करणारं यंत्र होतं. मघाशी आलेल्या मुलीला त्यांनी तेच लावलं होतं.

“ताई, पैसे सारखेच घेता, मग मला हे भंगार का?”

“दुखायचं ते दोन्हींनी सारखंच दुखतं, तांडेल. पण पुरुषमाणसांना मी हेच लावते.”

“का? नवं झिजेल म्हणून?”

“तसं समजा. पण माझं ऐका.”

नॉर्टेचा संशय पक्का झाला. “मला शेंडी लावू नका. ते नवं घ्या!”

कोरकोरताईंनी उसासा टाकून यंत्र बदललं.


सुई चालू झाल्याचं बाहेर कुणाला कळलंसुद्धा नाही, तांडेलाचं “आई गं, मेलो!” मात्र बाराही जणांना स्वच्छ ऐकू गेलं.