उजव्या बाजूची जाळी

जाळी उजव्या बाजूला होती. अंगणात उभ्या असलेल्या सगळ्यांना ते एकदमच दिसलं आणि बयाबाईंच्या हातातलं ओवाळायचं ताट तसंच राहिलं.

“हनमंता, हे काय रं?”

हनुमंतानं दौंडहून जुनी मोटारसायकल आणली होती. टाकीला एक पोचा होता, बाकी गाडी चांगली होती. पण मागं बसणाऱ्या बाईची साडी चाकात जाऊ नये म्हणून लावतात ती जाळी आणि तिच्याखालची पाय ठेवायची पट्टी सगळ्या गाड्यांना डावीकडं असते. ह्या गाडीला ती उजवीकडं होती, सायलेन्सरच्या अंगाला. सायलेन्सरवर कुणीतरी पत्रा बसवला होता.

थोरली वहिनी नीलम, तिला हसू आवरेना. “भावजी, गिऱ्हाईक बघून गळ्यात मारली की तुमच्या!”

“बाईमाणूस उजव्या अंगाला पाय सोडून बसतं व्हय?” बयाबाई लेकावर कडाडल्या. “त्या अंगानं उसाचे ट्रॅक्टर येत्यात. उपटून टाक ती जाळी!”

“आत्ताच्या आत्ता दौंडला जा आन् बदलून आण,” थोरला भाऊ बाळासो म्हणाला. “गावात तोंड दाखवायला जागा ठेव आम्हाला.”

“न्हाई बदलायची,” हनुमंत म्हणाला. एवढंच. मग तो फडक्यानं सीट पुसत राहिला.

त्याची बायको सुषमा दारात उभी होती. कासुर्डीला भाचीचा साखरपुडा होता. ती ठेवणीतली साडी नेसून तयार होती. नवऱ्याचा तिला संताप आला. हट्ट ह्याचा आणि गावात शोभा आपली.

“मी न्हाई बसत त्याच्यावर,” ती म्हणाली. “यष्टीनं जाईन.” आणि वळून पायऱ्या चढू लागली.

नीलमनं उजवीकडून काहीतरी विचारलं. सुषमा थांबली नाही.

“बघा! जाऊ बोलतीया तर वळून तरी बघती का?” बयाबाई आता तिच्या पुढ्यातच येऊन उभ्या राहिल्या. “पहिल्यापासनं असलीच. शिष्ट! माहेरची मोठी लागून गेली!”

सुषमा शिष्ट नव्हती. लहानपणी गोवर निघाला, त्यात तिचा उजवा कान गेला. लग्न ठरताना आईनं बजावलं होतं, कुणाला कळू देऊ नकोस; खोट लपवून दिली म्हणून माघारी धाडतील. तेव्हा तसं धाडतही असत. म्हणून ह्या घरात सुषमानं माणसांच्या ओठांकडं बघत दिवस काढले होते. शिष्ट हे नाव तिनं निमूट घेतलं, बहिरी हे घेतलं नाही. पोरं कॉलेजात गेली तरी ती धास्ती गेली नव्हती. ह्या अंगणात एकदा ते कळलं, तर गेलेल्या आईचाही उद्धार होणार होता.

अजून थोडा वेळ वाद चालला तर कुणीतरी ओळखेल. ती पायऱ्या उतरली आणि उजवीकडं पाय सोडून मुकाट गाडीवर बसली. मागं हशा पिकला.

गाव मागं पडलं. गाडी झकास पळत होती. उसाचा ओला वास येत होता, वारा लागत होता. तसल्या रागातही तिला ते आवडलं आणि त्याचाही राग आला.

“हसं केलंत माझं!” ती ओरडली. उत्तराची तिला आशा नव्हती. आधी सायकलवर, मग थोरल्यांच्या गाडीवर, ती मागं बसली की हा माणूस कधी बोलायचा नाही. घुम्या आहे, असं तिनं केव्हाच ठरवून टाकलं होतं.

“हसू दे,” हनुमंत म्हणाला.

ती दचकली. त्यानं आवाज चढवला नव्हता, मान वळवली नव्हती. तरी शब्द स्वच्छ आला. उजवीकडं तोंड करून बसल्यानं तिचा डावा कान त्याच्या पाठीशी होता.

“फसवलं ना तुम्हाला?” तिनं हळू आवाजात विचारलं.

“जाळी ह्या अंगाला लावायला मिस्त्री तर नगंच म्हणत होता. वहिनींचा पाय भाजंल म्हणाला. मग पत्रा मारून घेतला.”

तिनं पायाखालच्या पत्र्याकडं बघितलं. “कुणी सांगितलं तुम्हाला?”

“कुणी न्हाई. तुला बघायला आलो तवाच कळलं. कप ठेवताना मी हळूच एक विचारलं, तर तू ताट उचलून चालती झालीस. म्हटलं संपलं, पोरगी न्हाई म्हणती. तेवढ्यात तुझ्या आईनं दुसऱ्या अंगानं हाक मारली, तर तू चटकन वळलीस.”

“मग इतकी वर्षं बोलला का न्हाई?”

“तू लपवत होतीस. म्हटलं, लपवू दे.”

समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता. हनुमंतानं गाडी कडेला घेऊन थांबवली. दोन ट्रॉल्या खडखडत गेल्या. धुरळा खाली बसला.

“काय विचारलं होतं?” सुषमा म्हणाली.

“म्हटलं, माझ्याकडं जुनी सायकल हाय. मागं बसशील का?”

सुषमानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“बसते की,” ती म्हणाली.