महाबळेश्वरची सहल

१९९६ साल. अविश्वास ठरावाआधी कुणी फुटू नये म्हणून जालिंदरनं आपल्या गटाचे पंचायत सदस्य महाबळेश्वरच्या हॉटेलात आणून ठेवले होते. सरपंचानं आपले गोव्याला हलवले होते.

चहा पिता पिता जालिंदरनं पेपर मोठ्यानं वाचला. आफ्रिकेतल्या नायजर देशात लष्करानं सरकार उलथवलेलं, त्यात मेंदूज्वराची साथ.

"कसला देश रं गड्या! मानसं मरत्यात आन् ह्यांना खुर्ची सुचतीया!"

मग त्यानं घरी फोन लावला. बायको रडकुंडीला आली होती. "आवं, गॅस्ट्रोनं निम्मं गाव आडवं झालंय. पंचायतीला कुलूप हाय, टाकीत औषध कोण टाकणार?"



"सोमवारी सरपंच झालो की पयलं त्येच करतो. तवर कळ काढा."