निळ्या पट्ट्यांचा पायजमा

धक्क्याला बारा होड्या बांधलेल्या होत्या आणि बारा होड्यांची माणसं एकाच माणसाच्या तोंडाकडे बघत होती. तो माणूस टेकडीवरच्या आपल्या घराच्या गच्चीकडे बघत होता.

त्याला सगळे वारेशास्त्री म्हणत. वारा सुटला की होड्या काढायच्या की नाही, हे गेली तीस वर्षं त्याच्या शब्दावर ठरे. आधी तो बोट चाटून वर धरायचा. मग नाक वर करून दोनदा हुंगायचा. मग डोळे बारीक करून टेकडीकडे बघायचा. यातलं बोट आणि नाक हा निव्वळ देखावा. खरं शास्त्र गच्चीवर वाळत असायचं. बायको रोज पहाटे त्याचा निळ्या पट्ट्यांचा पायजमा धुऊन दोरीवर टाकायची. पायजमा सरळ लोंबत असला तर होड्या काढायच्या. गुडघ्यापर्यंत उडत असला तर दुपारच्या आत परतायचं. आडवा झाला असला तर घरी जाऊन झोपायचं. हे गुपित त्याने मेव्हण्यालासुद्धा सांगितलं नव्हतं, आणि मेव्हणा तर त्याच्याच होडीवर होता.

आज मात्र शास्त्राचं आणि वाऱ्याचं बिनसलं होतं. एकाची टोपी उडून पाण्यात पडली होती आणि ती काढायला वाकलेल्याचा चष्मा तिच्यामागोमाग गेला होता. वर गच्चीवर उशांचे अभ्रे फडफडत होते. त्यांच्या मधोमध पायजमा मात्र शाळेत प्रार्थनेला उभा राहिल्यासारखा सरळ.

"भावोजी, काय ते एकदा सांगून टाका," मेव्हणा म्हणाला.

"तू गप्प बस. आधी जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या कुठे घालवल्यास ते सांग."

"मी कशाला घालवू? जाळं तुमच्या घरी असतं."

तेवढ्यात शेजारच्या होडीवरून शंकासुराने तोंड उघडलं. देवाने दिलेल्या कुठल्याही गोष्टीवर शंका काढायची, म्हणून त्याला हे नाव पडलं होतं. "गेल्या महिन्यात झाडाचं पान हलत नव्हतं, तरी यांनी चार दिवस आम्हाला घरी बसवलं. आज टोप्या उडताहेत आणि हे विचार करताहेत! आज जर चुकले, तर उद्यापासून यांना कुणी काही विचारायचं नाही."

वारेशास्त्र्याने पुन्हा एकदा गच्चीकडे बघितलं. 'काढा' म्हणावं तर चोवीस जणांच्या जिवाशी खेळ. 'नको' म्हणावं तर पायजमा खोटा, आणि पायजमा खोटा तर तीस वर्षं खोटी. "जरा आलोच," असं म्हणून तो टेकडी चढायला लागला. लोकांना वाटलं, शास्त्री आता उंचावर जाऊन हुंगणार.

गच्चीवर त्याने पायजम्याला हात लावला. दगडासारखा जड. दोन्ही पायांच्या खालच्या दुमडीत शिशाच्या गोळ्या शिवल्या होत्या. शेजारी खिळ्याला गळाच्या बारीक दोऱ्याचं भेंडोळं टांगलं होतं.

मागून बायको बादली घेऊन आली. चोरी पकडली गेल्याचं तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

"सापडलं का एकदाचं?" ती म्हणाली. "तीस वर्षं लागली."

"अगं, आणि हा दोरा कशाला?"

"पायजमा आडवा करायचा असला की त्याने टाकीला ताणून बांधते. खालून दिसत नाही."

वारेशास्त्री तिथेच दोरीखाली बसला.

"अहो, पायजम्याला फक्त आत्ताचा वारा कळतो," ती शेजारी टेकत म्हणाली. "तासाभराने काय होणार, ते त्या बिचाऱ्याला कसं कळणार? मला वडिलांनी सहाव्या वर्षी होडीत बसवलं. पाण्याचा रंग बघून कळतं मला. नवीन लग्न झालं तेव्हा सांगितलं होतं की तुम्हाला, वारा पडेल, जा. तर म्हणालात, 'तुला काय कळतं?' दुसऱ्या दिवशी बघते तर तुम्ही खालून पायजम्याकडे टक लावून बसलेले. म्हटलं, असू दे. माझं नाही, तर पायजम्याचं तरी ऐकतात."

त्याला लाज वाटली. त्याहून जास्त तिचं कौतुक वाटलं. पण ते कसं सांगतात हे त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने तिची बादली उचलून उगीच दुसरीकडे ठेवली.

"आज काय करू?" त्याने विचारलं. असं त्याने तिला पहिल्यांदाच विचारलं होतं.

"धक्क्यावरच्या भिंतीवर ऊन आलं की वारा पडेल. मग जा."

तो खाली आला. आज त्याने बोट चाटलं नाही की नाक वर केलं नाही. "भिंतीवर ऊन येऊ दे, मग काढा," तो म्हणाला.

"कशावरून?" शंकासुराने विचारलं.

"बायको म्हणते."

बाराच्या बारा होड्यांची माणसं भिंतीकडे बघत बसली. भिंतीवर ऊन आलं आणि वारा खरोखरच पडला. संध्याकाळी होड्या भरून परतल्या, आणि शंकासुराने स्वतः येऊन विचारलं, "वहिनींना विचारा ना, उद्याचं काय?"

वारेशास्त्र्याने घरी गच्चीवर येऊन तसंच विचारलं. मग जरा घुटमळून म्हणाला, "पण गेल्या महिन्यात ते चार दिवस? तेव्हा तर खरंच पान हलत नव्हतं."

"तेव्हा बारा घरांची छपरं गळत होती."

"बरं. आणि उद्या?"

वर आकाश निरभ्र होतं. तिने खिळ्यावरून भेंडोळं काढलं आणि सवयीने दोरा उलगडायला घेतला.

"उद्या मोठं वादळ आहे," ती म्हणाली. "शंकासुराच्या बायकोला माळा आवरून हवाय."